बाबांना सांगता न आलेला शब्द

माझे बाबा राजुऱ्याजवळच्या एका हायस्कुलात इंग्रजी शिकवायचे. आमच्या घराण्यात इंग्रजी वाचता येणारा पहिला माणूस म्हणजे तेच. आजोबा दुसऱ्याच्या वावरात राबले आणि त्यांचा मुलगा इंग्रजीचा मास्तर झाला, याचं आमच्या वस्तीला फार कौतुक होतं. पोरांचे अर्ज बाबा लिहायचे आणि विहारात रविवारी भाषणही तेच करायचे. घरी जेवताना एखादा इंग्रजी शब्द उचलायचा आणि तो कुठून आला ते सांगायचं, हा त्यांचा छंद. ‘विंडो’ म्हणजे मुळात वाऱ्याचा डोळा, हे मी वरणभात खाताना शिकले. आई म्हणायची, “पोरीले जेवू द्या आंधी.”

लग्नानंतर काही वर्षांनी मला दूर जंगलातल्या एटापल्लीच्या ज्युनिअर कॉलेजात इंग्रजी शिकवायची नोकरी लागली. नवरा चंद्रपुरात राहिला. लोकांना वाटलं, अंतरामुळे बिनसलं. पण बिनसलं होतं ते आम्ही एका घरात असतानाच. मारहाण नव्हती, दारू नव्हती. दोघांना एकमेकांशी बोलायलाच काही उरलं नव्हतं. कोर्टात कागद करून वेगळं व्हायचं ठरलं तेही शांतपणे. त्यामुळे घरी सांगायला माझ्याकडे धड कारणसुद्धा नव्हतं.

सुट्टीत मी घरी गेले तेव्हा बाबा अंगणात खुर्ची टाकून पेपर वाचत होते. मी म्हटलं, “बाबा, आम्ही वेगळे होऊन राह्यलो.”

“काऊन? त्याची बदली झाली का?”

“नाई बाबा. डायव्होर्स.”

आई दारातूनच म्हणाली, “हळू बोल, शेजारचे आयकतीन.” बाबांनी पेपरची घडी केली, परत उलगडली आणि तसाच समोर धरून बसले. रागावले असते तरी चाललं असतं. त्यांनी पानसुद्धा उलटलं नाही.

नंतर चुलीजवळ आई म्हणाली, “आमच्या वेळी पोरगी माहेरी येऊन राहे, बस. त्याले कोणी नाव देत नोते. लईच झालं तर फारकत म्हणत. तुहा शब्द तं लिवायलेच कोर्ट लागते.” फारकत हा शब्द मी लहानपणी नळावरच्या भांडणात ऐकला होता, शिवीसारखा. घटस्फोट पेपरात वाचलेला. डायव्होर्स सिनेमातल्या माणसांचा. यातला एकही आमच्या घराचा नव्हता, आणि मी तो घरात आणला होता.

कोर्टाचा निकाल लागला त्याच वर्षी बल्लारपूरला आत्याच्या मुलीचं लग्न होतं. मंडपात आत्याने बाबांना विचारलं, “भाऊ, जवाई नाई आले?”

“ड्युटी आहे त्याची,” बाबा म्हणाले.

मी शेजारीच ताट घेऊन उभी होते. बाबा खोटं बोलले की त्यांच्या कानाच्या पाळ्या लाल होतात, हे मला त्या दिवशी कळलं, कारण त्याआधी त्यांना खोटं बोलताना मी पाहिलंच नव्हतं. रविवारच्या भाषणात हा माणूस पंचशील समजावून सांगायचा, त्यात खोटं न बोलण्याचंही. कोर्टात माझं नाव पुकारलं गेलं तेव्हा जी लाज वाटली नव्हती, ती तिथं वाटली.

एटापल्लीतही मी कुणाला काही सांगितलं नव्हतं. एकदा बारावीच्या धड्यात वाक्य आलं, वास्तवापासून ‘डायव्होर्स्ड’ झालेल्या विचारांबद्दल. एका माडिया आदिवासी मुलीने विचारलं, “मॅडम, डायव्होर्स तर नवरा-बायकोचा असते ना? विचाराचा कसा?”

“इथे नुसतं तुटलेला म्हणून घ्या,” मी म्हटलं आणि फळ्याकडे वळले.

ती सहज म्हणाली, “माझ्या काकीचा झाला. गाव बसला, दोघांचं आयकलं, सोडवून देलं. आता ती दुसऱ्या घरी आहे. सणाला येते आमच्याकडे.” वर्गात कुणी हसलं नाही. मी मात्र घाईघाईने पुढचं वाक्य वाचायला घेतलं. कुणाला काही कळलं तर नाही ना, एवढीच भीती मनात होती.

खोलीवर आल्यावर मी तो शब्द डिक्शनरीत पाहिला, मग मोबाईलवर आणखी वाचलं. मूळ लॅटिन. दोन दिशांना वळणं. रस्ता जिथे फुटतो त्या जागेलाही तोच शब्द. रोमन लोकांत नवरा किंवा बायको, कुणीही वळून निघून जाऊ शके. पुढे चर्चच्या काळात त्याचा अर्थ आखडला: अंथरूण वेगळं, जेवण वेगळं, पण लग्न कायम, दुसरं करायला बंदी. पूर्ण सुटका हा अर्थ रुळला तो फार नंतर. हे वाचून मी बाबांना फोन लावायला निघाले, सवयीने. आणि ठेवून दिला.

उन्हाळ्यात बाबा पहिल्यांदा माझ्याकडे आले. मी त्यांना घ्यायला आलापल्लीपर्यंत गेले. तिथून एक रस्ता एटापल्लीला जातो, एक भामरागडला, एक सिरोंच्याला. बसला वेळ होता म्हणून आम्ही चौकात चहा घेत होतो. तेवढ्यात वनखात्याच्या खाकीतला एक माणूस वाकून बाबांच्या पाया पडला. त्यांचा जुना विद्यार्थी. इकडचं तिकडचं बोलून त्याने माझ्याकडे पाहत बाबांना विचारलं, “सर, ताईले कुठी देली?”

बाबांनी चहाचा कप बाकावर ठेवला.

“देली होती चंद्रपूरले. डायव्होर्स झाला तिचा.”

तो माणूस जमिनीकडे पाहू लागला. टपरीवाल्यानेही मान वर केली. आणि बाबांनी एकदम वर्गातला आवाज लावला. “लॅटिन शब्द आहे. म्हणजे कसं, रस्ता फुटते, ती जागा. रोममध्ये कोणालेही जाता येत होतं. मग चर्चनं... चर्चनं...” पुढचं त्यांना सुचेना. ओठ हलत होते. चार माणसं बघत होती आणि मला वाटत होतं, आत्ताच्या आत्ता बस यावी.

“चर्चनं अंथरूण आन् जेवण वेगळं केलं,” मी म्हटलं, “पण लग्न नाई सोडवलं.”

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. “हो. तेच.”

विद्यार्थी म्हणाला, “सर, अजूनही तसेच शिकवता तुम्ही.” त्याने चहाचे पैसे देऊ दिले नाहीत.

बसमध्ये बाबा बाहेरचा साग पाहत होते. मग म्हणाले, “तुले त्या शब्दाचं कधीपासून माहीत होतं?”

“झाले काही महिने. तुम्हाले?”

“तू सांगतलं त्याच दिवशी डिक्शनरीत पाह्यलं. पण तुले कसं सांगू? तू रडून राह्यली होती, आन् मी काय लॅटिन सांगू?”

मी त्या दिवशी रडले होते, हे मला आठवतही नव्हतं.

संध्याकाळी घरमालकीण बाई भेटायला आल्या आणि बाहेर खाटेवर बसून त्यांनी बाबांची चौकशी केली. मुलगे किती, पोरगी एकटीच काऊन राहते. मी आत भाजी निवडत होते. बाबांनी खरं तेच सांगितलं, हळू आवाजात. बाई “असं होय” म्हणाल्या आणि मग त्यांच्या मोहफुलांच्या वेचणीचं सांगू लागल्या. माझ्या हातातली भाजी कधीच निवडून झाली होती. तरी मी आतूनच दोघांचं बोलणं ऐकत राहिले, बाहेर गेले नाही.