दोरीला विचारून बघ

आमचे मामा सुतार. बोलणं रंध्यासारखं, समोरच्याचा पापुद्रा काढल्याशिवाय थांबायचं नाही. लंबगोल आखताना त्यांची एक खोड होती. दोन खिळे ठोकायचे, सैलशा दोरीची दोन टोकं त्यांना बांधायची, आणि आधी नुसत्या बोटाने दोरी ताणत एक रिकामा फेरा मारायचा. पेन्सिल नंतर.

त्या दिवशी पालथी घातलेली फळी होती दारातल्या पडलेल्या झाडाची. तेवढ्या रुंदीची दुसरी मिळणार नव्हती. लेकीला जेवणाचं लंबगोल टेबल कबूल केलेलं, आणि फळीच्या डाव्या टोकाला आरपार भेग. ती गोलात आली की टेबल गेलं.

खिळे ठोकून, दोरी बांधून मामांचं बोट फिरायला लागणार, तोच सहा वर्षांची नात चिमणी फळीवर चढून बसली.

"आबा, गोल कुठाय?"

"हा काय, इथंच."

"दिसत नाही."

"तुझी भूक तरी कुठं दिसते? पण सगळं घर डोक्यावर घेतेस. दोरीला विचार. कुठल्याही जागेवर बोट ठेव, तिथवर दोरी ओढ. सैल राहिली तर जागा आतली. पोचलीच नाही तर बाहेरची. नेमकी ताठ झाली, की ती जागा गोलाची."

चिमणी विचारत सुटली. जिथं ताठ, तिथं खडूचा ठिपका. आधी कोंबडीने टोचल्यासारखे कुठंही पडलेले ते ठिपके हळूहळू एकमेकांना ओळखायला लागले आणि फळीवर अंडं उगवलं. शेजारी दुसऱ्या लाकडावर चाललेला मामांचा रंधा थांबला. जन्मभर ती दोरी हातात, पण जिथं पेन्सिल कधी जात नाही त्या जागांनाही ती उत्तर देते, हे त्यांनी कधी बघितलंच नव्हतं.

"आता भेगेला विचार," ते हळूच म्हणाले.

दोरी सैल. भेग आत. "गेलं टेबल!" मामा म्हणाले.

"रडू नकोस रे. दोन्ही खिळे उजवीकडे सरकव."

"तिकडं फळी संपते, बयो!"

"मग तिलापण विचारू."

खिळे सरकले. भेगेपर्यंत दोरी पोचेना. उजव्या काठाला मात्र जेमतेम ताठ टेकली.

मामांनी पेन्सिल घेतली. चिमणी म्हणाली, "आता कशाला? गोल तर आहेच."

"करवतीला तुझे डोळे नाहीत ना!"

भेगेचा तुकडा खाली पडला, तेव्हा चिमणी दोरी ओढून दारातल्या मांजराला विचारत होती.

"आबा, हे बाहेरचं!"

मामा मांजराकडे बघतच राहिले: फळी काठाशी संपली, पण दोरीचं उत्तर थेट दारापर्यंत गेलं होतं.