लोणीवर बसलेली आत्या

माझ्या आत्याने छत्तीस वर्षं लोकांचे दात केले. दात काढणं, भरणं, साफ करणं ही कामं डॉक्टरबाईंची. आत्या दवाखान्याच्या मागच्या खोलीत बसून कवळ्या बनवायची. खिडकीखाली लांबलचक टेबल, एका टोकाला मेण वितळवायचा दिवा, दुसऱ्या टोकाला प्लास्टरचे जबडे ओळीने मांडलेले, आणि मधल्या खणांत पांढऱ्याच्या चौदा छटांचे दात. साच्यात प्लास्टर ओतताना तिचा हात इतका स्थिर असायचा की आत एक बुडबुडा येईल तर शप्पथ. पेशंटचं तोंड तिने कधी बघितलं नाही. जबडा आला की ती ओळखायची, हा माणूस डाव्या बाजूने चावतो, ही बाई झोपेत दात खाते.

तिची स्वतःचीही कवळीच होती. दात लहानपणापासून वेडेवाकडे आणि किडके, चाळिशी गाठेपर्यंत सगळे गेले. नवे दात तिने स्वतःच केले, पण हसताना तोंडावर हात धरायची सवय काही गेली नाही. आमच्या घरातल्या एकाही फोटोत आत्याचं हसू नाही, हात आहे.

ती आमच्याच घरी, वरच्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत राहायची. "लग्न राहून गेलं" असं सांगायची, बाजारातून काहीतरी आणायचं राहून जावं तसं. माझे बाबा तिचे धाकटे भाऊ. सहा फूट उंच, सत्तावन्न वर्षांचे, तरी तिच्यासाठी 'छोट्या'. बाबा विमा कंपनीत अपघातांची पाहणी करायचे. त्यामुळे त्यांच्या लेखी जगात दोनच प्रकारच्या गोष्टी होत्या, झालेले अपघात आणि व्हायचे राहिलेले अपघात.

आत्या एकसष्ट वर्षांची असताना एका सकाळी डॉक्टरबाई मागच्या खोलीत आल्या त्या तणतणतच.

"तो घोडेवाला परत येऊन गेला. वर्षात तिसरी कवळी मोडली! चावताना त्रास नाही, बोलताना त्रास नाही, मग मोडते कशी? आता तुम्हीच जाऊन बघा बाई, मी हात टेकले."

तर अशी आत्या घोड्यांकडे गेली. माझ्या स्कूटरवर मागे बसून, मांडीवर हत्यारांची पिशवी धरून.

घोडेवाल्यांचा तबेला गावाबाहेर कालव्याच्या कडेला होता. त्यांना सगळे 'उस्ताद' म्हणत. सत्तरीचे, काटक, तोंडावर रुमाल बांधलेला, कारण आत एकही दात नव्हता. त्यांनी खिशातून काड्यापेटी काढून आत्याच्या हातावर उपडी केली. आत तिसऱ्या कवळीचे पाच तुकडे होते.

"ही काय चावून मोडलेली नाही," आत्या तुकडे उजेडात धरत म्हणाली.

"चावून नाहीच," उस्ताद रुमालाआडून म्हणाले. "घोड्याने पाय दिला."

"घोड्याच्या पायाखाली गेली कशी?"

"तोंडातून उडाली. कोऱ्या घोड्यांना मी शिकवतो ना. ते दुडक्या चालीने धावतात, सारखे आपटतात. मी ओरडायला तोंड उघडलं की ही बाहेर."

"सुटते कुठून? पुढून की मागून?"

"बाई, ते कसं कळणार? सुटली की गेली."

आत्याने तुकडे काड्यापेटीत परत भरले. मग पिशवी माझ्याकडे देत म्हणाली, "मग मलाच बसून बघावं लागेल. तुमचं तोंड मला आतून कळायचं नाही. माझं कळतं, आणि माझीही कवळीच आहे."

मला वाटलं, आत्या थट्टा करतेय. आत्या कामाच्या बाबतीत थट्टा करत नाही हे मी विसरले होते.

उस्तादांनी एक शहाणासा तांबडा घोडा आणला, ओटा लावून तिला वर चढवलं आणि स्वतः लगाम धरून शेजारून पळू लागले. घोडा दुडका धावू लागला आणि आत्या त्याच्या पाठीवर पिशवीतल्या बटाट्यासारखी उसळायला लागली. वीस-पंचवीस पावलं झाल्यावर तिने ओठ घट्ट मिटून हात वर केला. घोडा थांबला. गालावरून हात फिरवत ती म्हणाली, "मागच्या काठातून हवा शिरते आणि पुढचा भाग खाली येतो. मागची कड वाढवून द्यावी लागेल. बास, कळलं. उतरवा."

काम झालं होतं. पण उस्ताद म्हणाले, "आता आलाच आहात तर दुसरी चाल पण बघून जा."

त्यांनी आतून एक काळीभोर घोडी आणली. नाव लोणी.

"काळी आणि लोणी?" मी विचारलं.

"नाव रंगावरून नाही, चालीवरून आहे," ते म्हणाले. "ही रहवाल चालते. दुडक्या घोड्याचे दोन-दोन पाय एकदम पडतात, म्हणून माणूस उडतो. हिचे चारही एकामागोमाग एक पडतात. एक तरी पाय कायम जमिनीवर. उडवायला हिला वेळच मिळत नाही."

आत्या लोणीवर बसली. यावेळी उस्तादांनी लगाम तिच्याच दोन्ही हातांत दिला आणि लांब दोरी धरून ते मैदानाच्या मधोमध उभे राहिले. त्यांनी जिभेने टक् केलं.

टपटपटपटप. आवाज असा की पत्र्यावर कुणी चार बोटं वाजवतंय. लोणीची मान वर, शेपूट मागे तरंगतेय, पाय तर दिसतच नाहीत. आणि वर आत्या. खुर्चीवर बसावी तशी, एक इंचही न हलता, कुंपणाच्या कडेने वाऱ्यासारखी चाललेली.

अर्धी फेरी झाल्यावर तिने ओरडून विचारलं, "अहो, ही धावायला कधी लागणार?"

"बाई, ती धावतेच आहे! खाली बघा!"

आत्याने खाली पाहिलं. जमीन सरसर मागे पळत होती. आणि मग ती हसायला लागली. आधी बारीक, मग मोठ्याने, मग पार खिदळत. तोंडावर हात न्यायचा तिने प्रयत्न केला, पण दोन्ही हातांत लगाम. न्यायला हातच नव्हता. मी तिला जन्मापासून ओळखते, आणि तेव्हा अठ्ठावीस वर्षांची होते. आत्याचे दात मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिले. छान होते. कारागीर चांगली होती.

चार फेऱ्या झाल्या तरी ती उतरेना. उतरली तेव्हा ती लोणीच्या मानेला गाल लावून उभी राहिली. "कवळी जागची हलली नाही," ती मला म्हणाली, जणू ती तेवढंच तपासायला गेली होती.

उस्तादांची चौथी कवळी तिने अशी बसवली की त्यांनी घोड्यावरून कितीही आरडाओरडा केला तरी ती हलेना. मोबदल्यात उस्ताद तिला शिकवणार असं ठरलं. दर रविवारी आणि बुधवारी सकाळी आत्या "दातांच्या कामाला" म्हणून बाहेर पडू लागली. बाबांना सांगायचं नाही, अशी मला तंबी होती.

पण पाहणी करणाऱ्या माणसापासून काय लपणार? महिन्याभराने बाबांनी जेवताना चमचा खाली ठेवला.

"ताई, चपलेऐवजी बूट. सलवार गुडघ्याच्या आतल्या बाजूला घासलेली. केसांत गवत. आणि परवा जिन्यात तू साखरेच्या पुडीला 'ओ, ओ, हळू' म्हणालीस. तू घोड्यावर बसतेस."

"हो," आत्या म्हणाली आणि पाणी प्यायली.

"तुझं वय काय?"

"लोणीने अजून विचारलं नाही."

बाबांचा चेहरा पडला. आत्याला मात्र आता सगळं उघड बोलायची मुभा मिळाली. त्या रात्री ताटं उचलायचं राहून गेलं. तिने टेबलावर दोन्ही हातांची दोन-दोन बोटं टेकवली आणि आम्हाला रहवाल चाल वाजवून दाखवली. आधी सावकाश, मग जलद. मग आईला वाजवायला लावली. आईला पटकन जमली. बाबांनी नाही नाही म्हणत एकदा वाजवली, आणि त्यांची दुडकी निघाली.

दवाखान्यातही तेच. कवळी घासताना तिची कानस चार ठोक्यांत चालू लागली. डॉक्टरबाई एकदा दारातून डोकावून म्हणाल्या, "बाई, बाहेर पेशंट खुर्चीत पाय हलवायला लागलाय."

आत्या घोडीवरून पडली तीसुद्धा एकदाच, आणि तेही घोडी उभी असताना. लोणीने गवत खायला मान खाली घातली. आत्या पुढे वाकून तिच्याशी काहीतरी बोलत होती. ती मानेवरून घसरगुंडीसारखी घरंगळत लोणीच्या तोंडासमोर गवतात येऊन बसली. लोणीने तिला हुंगलं आणि तिच्या शेजारचं गवत खायला सुरुवात केली. ही गोष्ट आत्याने शेजारीपाजारी, दवाखान्यात, किराणावाल्याला, सगळ्यांना सांगितली, प्रत्येक वेळी बसून दाखवत.

बाबा मात्र दुसऱ्याच दिवशी मोजपट्टी आणि छापील फॉर्म घेऊन तबेल्यात हजर झाले. त्यांनी घोडीची उंची मोजली, कुंपणाची उंची मोजली, उस्तादांना वीस प्रश्न विचारले. एकविसावा विचारत असताना लोणीने मागून येऊन फॉर्म खाल्ला. अर्धाच, पण सहीचा होता तो अर्धा. त्यानंतर बाबा अधूनमधून नुसतेच येऊ लागले. कुंपणावर हात टेकून उभे राहायचे आणि कुणी विचारलं तर म्हणायचे, "निरीक्षण चालू आहे."

दोन वर्षं गेली. आत्या आता एकटी कालव्याच्या रस्त्याने लांबवर जाऊन यायची, लोणीचा खरारा स्वतः करायची, खोगीर स्वतः कसायची. आणि मग घोडेवाल्यांचा वर्षाचा मेळावा आला. त्यात रहवाल घोड्यांची एक शर्यत असते. काठोकाठ भरलेला पेला एका हातात धरायचा आणि मैदानाच्या तीन फेऱ्या मारायच्या, पहिली सावकाश, पुढच्या दोन वेगात. शेवटी परीक्षक खुणा केलेल्या भांड्यात पाणी ओतून मोजतात. ज्याचं सर्वांत जास्त उरलं तो पहिला.

"मी भाग घेतेय," आत्याने जाहीर केलं.

"एका हाताने?" बाबा म्हणाले. "एका हाताने लगाम?"

"दुसऱ्या हातात पेला असतो ना, छोट्या."

भर दुपारचं ऊन होतं. अकरा स्वार उतरले, दहा जण आत्याच्या निम्म्या वयाचे. आम्ही कुंपणाला चिकटून उभे होतो. उस्ताद शिट्टी वाजवून वाजवून लाल झाले होते. पहिल्या फेरीत कुणाचंच फारसं सांडलं नाही. दुसऱ्या फेरीत वेग वाढला आणि स्वारांच्या बाह्या भिजायला लागल्या. एकाचा तर पेलाच गेला. आत्या मात्र साच्यात प्लास्टर ओतायला निघाल्यासारखी, डोळे पेल्यावर, कोपर अंगाशी, हात जणू दुसऱ्याच कुणाचा. तिसऱ्या फेरीत लोणीने चाल अशी पकडली की लोक टाळ्या वाजवायचं विसरून नुसता तो टपटपाट ऐकत राहिले. रेषा ओलांडली तेव्हा आत्याच्या पेल्यातलं पाणी काठाला टेकलेलं होतं. थेंब सांडला नव्हता. मी स्वतः पाहिलं.

मग एकच गलका झाला. उस्ताद नाचत होते. बाबा कुणा अनोळखी माणसाला मिठी मारत होते. आत्याने लोणीला थांबवलं, "हुश्श" केलं, कपाळावरचा घाम पुसला, आणि घटाघटा पेलाभर पाणी पिऊन टाकलं.

गलका थांबला.

परीक्षक मोजायचं भांडं घेऊन आले. त्यांनी पेल्यात पाहिलं, मग आत्याकडे पाहिलं.

"बाई, पाणी कुठाय?"

आत्याने पेल्यात पाहिलं. तिचा चेहरा असा झाला की मी तो जन्मात विसरणार नाही.

"पोटात," ती म्हणाली.

अख्खं मैदान हसत होतं, पण सर्वांत मोठ्याने आत्या. लगाम सोडून, पेला सोडून, लोणीच्या आयाळीत तोंड खुपसून ती हसत होती आणि लोणी कान मागे करून ऐकत होती.

एकटे बाबा हसत नव्हते. शर्टाची बटणं सारखी करत ते परीक्षकांसमोर जाऊन उभे राहिले.

"तेहतीस वर्षं मी नुकसानीची पाहणी केली आहे," ते म्हणाले. "इथे नुकसान झालेलंच नाही. पाणी सांडलेलं नाही. पाण्याने फक्त जागा बदलली आहे. हवं तर तिचं वजन करा."

परीक्षकांनी डोळे पुसले, पण नियम तो नियम. आत्या बाद झाली. पहिला नंबर मिळालेल्या पोरीने तिला खाली वाकून नमस्कार केला आणि विचारलं, हात इतका स्थिर कसा ठेवता? आत्याने तिला दवाखान्यात यायला सांगितलं, "साचे ओतायला शिकवते."

संध्याकाळी घोडे नेणारी गाडी आली. आत्या म्हणाली, तिला गाडीत जायचं नाही, तबेला सात किलोमीटर तर आहे, ती लोणीवरूनच जाईल. उस्तादांनी खुशाल जा म्हटलं. बाबांनी आमची मोटार काढली, चारही दिवे लुकलुकते केले आणि घोडीच्या मागे दहा हात अंतर ठेवून निघाले. मी शेजारी. मागे बघता बघता मोटारींची रांग लागली. भोंगे सुरू झाले. आत्या पुढे, पाठ ताठ, टपटपटपटप. बाबांनी काच खाली केली, निम्मे बाहेर वाकले आणि मागच्या गाड्यांकडे हात करून ओरडले, "घोड्यावर माझी बहीण आहे!"

भोंगे थांबले नाहीत. बाबांनी काच उघडीच ठेवली आणि कालव्याचं वळण येईपर्यंत ते आणखी दोनदा तेच ओरडले.