मोपाचं थेट विमान बंद झालं

मैत्रिणींनो, सकाळपासून जीव थाऱ्यावर नाही. म्हापशाच्या तिकीटवाल्याचा फोन आला, "काकी, मोपाहून लंडनचं थेट विमान बंद झालं. आखाती कंपन्यांना त्यांचं सरकार पैसा पुरवतं, त्यांच्यापुढे आपली कंपनी टिकली नाही. आता मध्ये उतरून विमान बदला."

लंडनला लेकीचं बाळंतपण जवळ आलंय. ह्यांना हल्ली विसरायला होतं, एकटं ठेवून जाता येत नाही. परवा घरामागच्या कुळागरात, आमच्या पोफळीच्या बागेतच वाट चुकले.

मी सांगितलं तर हे हसले. "बरं झालं गो, मध्ये उतरून चा घेऊया!" ही थट्टा होती की विसर, मला कळलं नाही.

मध्ये उतरलं की विमानतळावर परत तपासणी, आणि तिथे बायका-पुरुषांच्या रांगा वेगळ्या असतात. अशा माणसाला घेऊन कुणी गेलंय? ह्यांचा हात कुठे कुठे सोडावा लागतो, तेवढं सांगा.