मनगटापुरती जागा

नेवाशाच्या सूर्यभान सुताराच्या पोटात एकाच गोष्टीनं दुखायचं, आणि ती गोष्ट रोज प्रवरेच्या पाण्यात त्याच्या डोळ्यांदेखत तरंगायची. रंगनाथ सुतारानं बांधलेली नाव.

त्याचं असं झालं. आधीची नाव सूर्यभानची. काय देखणी होती! आतल्या फळ्या अशा खिळून बसवल्या होत्या की मधे सुई जाईल तर शपथ. पण त्या फळ्यांखाली पाणी साचून राहिलं, आणि वरून कुणाला दिसलंच नाही. पाचव्या पावसाळ्यात बूड कुजून नाव मोडीत निघाली. त्रेचाळीस साली गावानं नवी नाव रंगनाथला सांगितली. तेव्हापासून सूर्यभानला अन्न गोड लागेना.

रंगनाथची नाव म्हणजे नुसतं ध्यान. आतल्या फळ्यांना खिळा म्हणून नाही, सगळ्या खुंट्यांवर. खुंटी काढली की फळी उचलायची, खालचं पाणी उपसायचं, सांध्यात पाणी अडवायला ठासलेला काथ्या बदलायचा. त्यात फळी आणि बूड यांच्यात हे एवढं अंतर. "कोंबड्या डालायच्या हायेत का हितं?" सूर्यभान चारचौघांत विचारायचा. रंगनाथ नुसता हसायचा. मेल्याचं हे हसणं तर जास्तच झोंबायचं.

दर उन्हाळ्यात नाव काठावर ओढली की सूर्यभान मुद्दाम बघायला जायचा. कुठं तरी कुजलं असेल, निदान एखादी फासळी. छे! सहा वर्षं झाली, लाकूड ठणठणीत.

मग रंगनाथचे हात थरथरू लागले आणि डागडुजीचं काम सूर्यभानकडे आलं. तो निघाला तोच खिशात मूठभर खिळे घालून. आतल्या फळ्या एकदा ठोकून टाकल्या की दोन-चार पावसाळ्यांत हीही नाव कुजेल, मग बघू कोण कुणाला हसतं. लाज वाटली का? वाटली थोडी. पण खिळे काही त्यानं घरी काढून ठेवले नाहीत.

रंगनाथ बाभळीखाली बसून बघत होता. सूर्यभाननं पहिली फळी उचलली आणि उजवा हात आत घातला. त्याचं उजवं मनगट तरुणपणी झाडावरून पडून आखडलेलं, वळायचंच नाही. अडचणीच्या जागी तो बिचारा आडवा पडून डाव्या हातानं काम करायचा. इथं मात्र हात सरळ आत गेला, थेट शेवटच्या सांध्यापर्यंत. दुसऱ्या फळीखालीही तसाच गेला.

"एवढी जागा कशापायी ठिवली रं?" या वेळी त्यात चेष्टा नव्हती.

"माझ्या मागं ही नाव कोन उघडनार? मला लेक न्हाई. तूच उघडनार," रंगनाथ म्हणाला. "आन् तुझं मनगट वळत न्हाई."

सूर्यभानला रागच आला. नाव चांगली बांधली ती बांधली, वर हेही यालाच सुचावं! आणि कधी, तर आपण याच्या नावानं बोटं मोडत होतो तेव्हा.

"काथ्या दे हिकडं," तो घुश्शातच म्हणाला.

संध्याकाळी सगळ्या फळ्या परत खुंट्यांवर बसल्या. खिळे जसे आले तसे घरी गेले.