सलीमभाईंचा टेम्पो वावरात शिरतो

आधी माझाच वेडेपणा सांगून टाकते, म्हणजे पुढे दुसऱ्यांची टिंगल करायला मी मोकळी.

अमरावतीच्या एका कॉलेजात मी नोकरी करते. आमच्या लॅबचं काम असं की खऱ्या गाड्यांत जीपीएसचं मशीन ठेवायचं, ती गाडी कुठून कुठे गेली ते उतरवून घ्यायचं आणि कंप्युटरमधल्या गाडीला त्याच वाटेनं चालवायचं. रस्ता बदलला तर गर्दीचं काय होईल ते आधीच दिसतं.

पहिली चाचणी माझ्याच स्कूटीची. स्क्रीनवरची स्कूटी चौकापर्यंत छान आली आणि मधोमध थांबली. मागे ऑटो, एसटी, सगळे अडकले. मी अख्खी दुपार प्रोग्राममधली चूक शोधत बसले. आमचे हेड गवई सर मागे येऊन उभे राहिले. म्हणाले, "काल तिथं थांबून भाजी घेतली का हो तुमी?"

घेतली होती. मेथी.

असे किस्से कोणी ठरवून जमवत नाही. लॅब एवढीशी, माणसं मोजकी, चहा सारखा. साचतातच.

*

एक मशीन आम्ही सलीमभाईंच्या टेम्पोत ठेवलं होतं. वरूडहून अमरावतीला ते संत्री आणायचे. पहिल्याच आठवड्यात स्क्रीनवर त्यांचा टेम्पो हायवे सोडून चहाच्या टपरीत शिरला. तिथून सलूनमध्ये. शुक्रवारी तर मशिदीत!

मी फोन केला. "सलीमभाई, मशीन टेम्पोतच राहू द्या ना."

"तुमची अमानत हाय मॅडम. गाडीत कशी टाकून जाऊ?"

खिशात घालून फिरत होते. मी पुन्हा पुन्हा सांगितलं, ते पुन्हा पुन्हा "हो" म्हणाले, आणि मशीन खिशातच राहिलं.

*

रोज दुपारी मोर्शी सोडली की हा टेम्पो उजवीकडे वळायचा आणि थेट एका वावरात जायचा. तिथे सरळ जायचा, वळायचा, परत सरळ, परत वळायचा.

गवई सर म्हणाले, "हा वखर मारून राहिला का?"

सलीमभाईंना विचारलं. "बाग हाय आमची," ते म्हणाले. "अब्बा राह्यतात तिथं. डबा घेऊन जातो त्यायले."

"पण असे वळसे काहून घेता?"

"मधात संत्र्याच्या ओळी हायेत ना."

मी त्या वावराचा उपग्रहातून काढलेला फोटो उघडून पाहिला. एकही झाड नव्हतं. तेव्हा त्या भागात बोअर आटत होते, बागा वाळत होत्या, आणि ट्रक भरभरून संत्र्याचं लाकूड जळणाला जात होतं. यांचीही बाग तशीच गेली होती. अब्बा तेवढे झोपडीतून हलले नव्हते. आणि मुलगा हातात डबा घेऊन, नसलेल्या झाडांना वळसा घालत त्यांच्यापर्यंत जात होता.

सरांनीही तो फोटो पाहिला. मग म्हणाले, "राहू द्या तो रस्ता. पुसू नका."

*

पुढे रस्ता चौपदरी करायचं ठरलं. मधोमध दुभाजक. जिथे पुरेशा गाड्या वळतात तिथेच मोकळी जागा सोडणार, आणि ते आमच्या कंप्युटरवर बघून ठरणार. बागेकडे वळणारी गाडी एकच होती.

तिथे जागा सुटली नाही तर फार लांबून वळून यावं लागणार, आणि माल घेऊन निघालेल्या माणसाला रोज ते जमणार नाही. मग अब्बांना वावरातून उचलून वरूडच्या गल्लीत आणायचं. सलीमभाईंना एवढीच एक गोष्ट नको होती.

हे कळलं तसे ते लॅबमध्ये आले. चहाचा कप हातात घेतला. मग हळूच म्हणाले, "मॅडम, तुमाले तर कितीबी टेम्पो करता येतात. माझे दहा-बारा करा ना."

मी सरांकडे पाहिलं. सरांनी खिडकीबाहेर.

"सलीमभाई," सर म्हणाले, "जेवढे हायेत तेवढेच दाखवा लागते."

"बरोबर हाय," सलीमभाई म्हणाले. चहा संपवला आणि गेले.

*

रस्त्याचे मोठे साहेब बघायला आले. आम्ही स्क्रीनवर दुभाजक टाकला आणि गाड्या सोडल्या.

सलीमभाईंचा टेम्पो बागेच्या वाटेपाशी आला आणि उभा राहिला. त्याला तिथेच वळायचं होतं. दुसरी वाट त्याला कोणी शिकवलीच नव्हती. मागे ट्रक, एसट्या, ट्रॅक्टर, अशी पार मोर्शीपर्यंत रांग.

साहेब म्हणाले, "हा एक टेम्पो काढून टाका."

काढला. एक बटण तर दाबायचं असतं. रस्ता लगेच मोकळा झाला.

गवई सरांनी साहेबांना चहा विचारला नाही. आमच्या लॅबमध्ये असं पहिल्यांदाच झालं.

*

दुभाजक होऊन त्यात कण्हेरसुद्धा लागली, त्यानंतर कधीतरी सलीमभाई मार्केटमध्ये भेटले. टेम्पोवर ताडपत्री बांधत होते.

"अब्बा कुठे आहेत आता?"

"आणले घरी."

"करमतं का त्यांना?"

"पहिले जेवतच नव्हते. ताट वाढलं का म्हणत, हे तुमचं जेवण हाय, माझा डबा येऊन राहिला."

"मग?"

"मंग काय. डबा भरतो, टेम्पो काढतो, गल्लीला एक चक्कर मारतो आन् दारात येऊन हॉर्न देतो. मंग जेवतात."

मी म्हटलं, "रोज असं करायचं म्हणजे केवढा त्रास हो तुम्हाला."

सलीमभाईंनी दोरीची गाठ ओढून पाहिली.

"नाही मॅडम. पहिल्यापेक्षा जवळ पडते."