अण्णांचं परराष्ट्र धोरण

शिंप्याच्या दुकानात चिंध्या साचतात तसे किस्सेही साचतात. बेलापुरात आमची बैठक नाना शिंप्याकडे भरायची, कारण रेडिओ त्याच्याकडे होता. साल एकाहत्तर-बाहत्तर. बातम्या संपल्या की आमचे सरपंच अण्णा सुरू व्हायचे. "बड्या राष्ट्रांनी जग वाटून खाल्लंय," ही सुरुवात ठरलेली.

पाटाच्या चारीवर अण्णांचं रान पहिलं आणि आमच्याच बैठकीतल्या सखारामचं शेवटचं. त्या हंगामात त्याचा गहू ओंबीवर आला होता आणि लागोपाठ दोन पाळ्या पाणी त्याच्यापर्यंत पोचलं नव्हतं. तिसरी चुकली की नुसतं काड उरणार होतं.

*

सखाराम तक्रार घेऊन आला. "अण्णा, तुमचा सालगडी चारी फोडतोय."

"हे बघ, मी अलिप्त. कुठल्याच गटात न्हाई."

"पर पानी तुमच्याच उसात चाललंय."

"ती वस्तुस्थिती झाली. मी धोरणाचं बोलतोय."

*

पाटाची दारं उघडणारा पाटकरी एकदा दुकानात टेकला. अण्णांनी त्याला आफ्रिकेतल्या लहान देशांची लूट कशी चालते ते अर्धा तास सांगितलं. पाटकऱ्यानं उपरण्यानं डोळे पुसले.

"लई वाईट वाटलं, अण्णा. मग औंदा खालच्या रानापासनं पाळी सुरू करू का?"

"तो विषय वेगळा," अण्णा म्हणाले.

*

'नव्या जगाची रचना' यावर अण्णांचं तालुक्याला भाषण होतं. त्यासाठी नानानं बंद गळ्याचा कोट शिवला. तो खांद्यात आवळ झाला आणि उसवायला वेळ नव्हता.

नाना म्हणाला, "हात वर करू नका, बस्स. बाकी जगाला काही अडचण नाही."

अण्णा तासभर हात खाली सोडून बोलले. भाषण संपल्यावर अध्यक्षांनी त्यांच्या संयमी भूमिकेचं खास कौतुक केलं.

*

ग्रामसभेत अण्णांनी ठराव मांडला, 'लहान राष्ट्रांना त्यांच्या हक्काचा वाटा मिळालाच पाहिजे.' एकमतानं मंजूर झाला. सखारामनंही हात वर केला होता.

बाहेर आल्यावर नानानं विचारलं, "तू कशाला रे हात वर केलास?"

"म्हनलं, कुटंतरी मिळू दे."

एरवी कशालाही हसणारे आम्ही, त्या दिवशी कुणी हसलं नाही. मला तर ते फार लागलं.

*

तिसऱ्या पाळीला सखारामनं जामखेडकडून सासुरवाडीची माणसं बोलावली. सासू, दोन मेहुणे, त्यांच्या बायका, एक म्हातारा चुलत सासरा. सगळी अण्णांच्या रानाशी चारीच्या बांधावर भाकऱ्या सोडून बसली. सखारामच्या पाळीचं पाणी सुटलं तसे सालगड्याला घेऊन अण्णा आले. सालगड्याच्या हातात फावडं होतं. आम्हीही बघायला गेलो होतो.

"काय रे सखाराम, मोर्चा हाय का काय?"

"न्हाई अण्णा. निरीक्षक हायेत. काय करनार न्हाईत, नुसतं बघत बसनार."

सासूनं पदर सारखा केला आणि खरोखरच अण्णांकडे बघायला लागली. बाकीचेही जेवता जेवता बघू लागले. सालगड्यानं अण्णांकडे पाहिलं, आम्हा बैठकवाल्यांकडे पाहिलं आणि फावडं खांद्यावर टाकलं. पाणी अण्णांचा ऊस मागे टाकून पुढे निघालं.

अण्णांनी घसा साफ केला. "सखाराम, असले प्रश्न चर्चेनं सोडवायचे असतात."

"व्हय की अण्णा," पाण्यामागं चालता चालता सखाराम म्हणाला. "रान भिजलं की बसू."