कोरडी नसलेली सिंधू

सिंधू गेल्याचा फोन आला तेव्हा मी शहरातल्या घरी नातवाला भात भरवत होते. पलीकडून सुरेशभाऊजी, म्हणजे माझे धाकटे दीर, एवढंच म्हणाले, "वहिनी, ती उठलीच नाही." ती म्हणजे त्यांची बायको, माझी धाकटी जाऊ. झोपेतच हृदय बंद पडलं. चाळिशी जेमतेम ओलांडली होती. नातवाने तोंडातला घास माझ्या मांडीवर थुंकला आणि मी तो कितीतरी वेळ तसाच राहू दिला... रडू फार उशिरा आलं. त्याच्या आधी, दहाव्याला गोदाकाठी, आली ती शिसारी. पिंडाला कावळा शिवायची वाट बघत आम्ही बायका बसलो होतो आणि आमच्या मोठ्या वन्सं शेजारणीला सांगत होत्या, "एकच पोर हाती लागली तिच्या. पहिल्यापास्नं अंगातच घाण होती ना." मेलेल्या बाईबद्दल, तिच्या पिंडापासून चार हातांवर बसून. हे सगळं मी लिहितेय ते त्या 'घाण' शब्दामुळे. ज्यांना नाजूक वाटतं त्यांनी पान उलटावं, मागे राशिभविष्य असेल.

आमचं घर मखमलाबादचं, फुलं पिकवणारं. गुलाब, शेवंती, झेंडू. बाजारात जाणारा माल वेगळा आणि पंचवटीतल्या एका देवळात रोज जाणारा हार वेगळा. हा हार घरच्याच बायकांनी ओवायचा, अशी रीत. पण ओवायला बसण्याआधी सासूबाई, त्यांना आम्ही आत्याबाई म्हणायचो, ओल्या फडक्यावरच्या फुलांपाशी उभ्या राहून एकेकीला विचारायच्या, "कोरडी हायेस ना?" पाळीच्या दिवसांत तर कुणी तिकडे फिरकतच नसे. हा प्रश्न बाकीच्या दिवसांचा होता. अंगावरून पांढरं जात असेल तरी देवाच्या फुलाला हात लावायचा नाही. आता कुठल्या धडधाकट बाईचं अंग बारा महिने कोरडं असतं? त्यामुळे आम्ही सगळ्या सासुरवाशिणी रोज सकाळी बिनदिक्कत खोटं बोलायचो आणि देव तो हार घालून घ्यायचा. त्याची कधी तक्रार आली नाही.

सिंधू सटाण्याकडची, अहिराणी बोलणारी. नव्वदच्या सुमारास लग्न होऊन आली, सावळी, उंच, हसताना तोंडावर पदर न घेणारी. पहिल्याच सकाळी आत्याबाईंनी विचारलं आणि ही सरळ म्हणाली, "नही." सगळ्यांच्या सुया थांबल्या. नव्या नवरीला आत्याबाईंनी निंदणीला पाठवलं. दुपारी मी तिला बाजूला घेऊन शिकवलं, "अगं, हो म्हणायचं आणि बसायचं. बघायला येतंय कोण?" तर म्हणते कशी, "आक्का, फुलंसमोर खोटं कशी बोलू?" मी कपाळावर हात मारला. मी तेव्हा जुनी अकरावी झालेली, नाशिक शहरातली, साप्ताहिकातलं आरोग्याचं सदर कात्रणं काढून वाचणारी. अर्धी डॉक्टरच समजायचे स्वतःला. आज ती बाई मला भेटली तर तिच्या हातातली कात्रणं घेऊन मी त्यात भजी बांधीन.

खोटं बोलायचं नाही आणि हार तर ओवायचा, मग सिंधूने खरंच कोरडं व्हायचं ठरवलं. अक्कल शिकवायला वन्सं होत्याच. तुरटीचं पाणी, त्यात जखमा धुवायचं ते तपकिरी औषध, आणि रबरी पिचकारी. रोज सकाळी अंघोळीच्या वेळी आतून धुवायचं. मोरीतून असा काही वास यायचा की दवाखान्यात फुलं कुजत पडल्यासारखं वाटे. पण ती कोरडी झाली. आत्याबाई खूश. सिंधूचा हार आम्हा सगळ्यांपेक्षा देखणा व्हायचा, तिला पाकळीचा अंदाज होता. आग होते, खुपतं, असं ती मला कधीतरी म्हणायची आणि मी कात्रणांत बघून तिला सब्जा खायला सांगायचे.

दिवस राहिले. पाचव्या महिन्यात गुलाबाच्या वाफ्यात उभी असताना पाणी गेलं आणि संध्याकाळपर्यंत सगळं संपलं. पुढच्या वर्षी पुन्हा तेच, पुन्हा पाचव्यात. तिला मूल हवं होतं, नुसतं घराण्याला हवं म्हणून नाही. येईल त्या बाळासाठी ती सटाण्याहून मऊ जुनी लुगडी मागवून ठेवायची आणि रिकाम्या हाताने पुन्हा घडी घालायची. घरातल्यांनी मात्र निदान करून टाकलं होतं. पोट गरम, अंगात घाण. मग सुरू झाली धुरी. शेणीच्या निखाऱ्यावर लसणाची सालं, कडुलिंब आणि नाव घेतलं तरी ओकारी येईल असलं काहीबाही टाकायचं आणि तिला वर पाय फाकवून उभं करायचं. दोघी दोन बाजूंनी धरायच्या. आत्याबाई खाली वाकून फुंकर घालायच्या, चूल पेटवावी तशी. बाहेर ओट्यावर पुरुष चहा पीत बसलेले, त्यांना धूर आला की ते नाकाला रुमाल लावून म्हणायचे, "आवरा लवकर." त्या धुराइतकी किळस मला दुसऱ्या कशाची आली नाही. पण एक दिवस सिंधू धुरातून बाहेर येऊन मला म्हणाली, "आक्का, माले मनीच किळस येस." स्वतःचीच...

मी तिला शहरात एका डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेले. 'तसल्या' दवाखान्यात आपल्याला कुणी ओळखू नये म्हणून मी काळा गॉगल लावून बसले होते, आणि त्यापायी चुकून हाडांच्या डॉक्टरच्या दारात रांगेला लागले होते. सिंधूनेच हाताला धरून योग्य दारात नेलं. डॉक्टरीणबाईंनी तपासलं आणि विचारलं, "धुता कशाने?" सिंधूने सगळं सांगितलं. बाईंनी पेन खाली ठेवलं.

"ज्याला तुम्ही घाण म्हणताय ना, तो पहारा आहे," त्या म्हणाल्या. "त्या ओलाव्यात चांगले जंतू असतात. शिवाय शरीर स्वतः तयार करतं ती प्रथिनं असतात, वाईट जंतूंना मारणारी. गर्भाशयाच्या तोंडाशी शेंबडासारखा घट्ट बोळा बसतो, त्यात तर ती ठासून भरलेली. तुम्ही रोज पिचकारीने पहारेकरी हाकलताय. मग नको ते जंतू वर चढतात, आत सूज येते, आणि त्या सुजेने बाळाभोवतीची पिशवी कमजोर होऊन वेळेआधी फुटू शकते."

"शी, शेंबूड?" हे मी. तेवढंच ऐकलं होतं मी त्यातलं.

"शेंबूडच. तुमच्या नाकातला पुसून टाका, हा राहू द्या," बाई म्हणाल्या. मग सिंधूकडे वळून, "दोन्ही वेळी हेच कारण होतं असं शपथेवर नाही सांगणार. पण सूज आहे, ती दिसतेय. औषध घ्या, आणि ती पिचकारी आज फेका."

घरी येऊन सिंधूने पिचकारी उकिरड्यात टाकली, तपकिरी बाटली मोरीच्या भोकात उपडी केली. वन्सं दारात उभ्या. "अगं, वाया चाललं की औषध." सिंधू म्हणाली, "घाण मोरीत शे, वन्सं. मना आंगमा नही."

दुसऱ्या सकाळी आत्याबाईंचा प्रश्न आला. "नही. ओली शे," सिंधू म्हणाली, ओट्यावरच्या पुरुषांनाही ऐकू जाईल अशी. पुढे दिवस राहिले तेव्हाही हेच, रोज. हाराला हात लावू दिला नाही, तिचा तांब्या वेगळा ठेवला, पाचवा महिना लागला तशी वन्संनी पुन्हा निखारे आणले. सिंधू खुरपं हातात घेऊन दारात बसली. निखारे विझेपर्यंत. पाचवा गेला, सहावा गेला. रोज सकाळी ती पोटावर हात ठेवून मला विचारायची, "आक्का, टिकीन ना?" आणि मी, खोटं बोलण्यात तरबेज बाई, या प्रश्नाला हो म्हणताना अडखळायचे.

रेवती थोडी लवकरच जन्मली, पण रडत जन्मली. अंगभर पांढरा, लोण्यासारखा चिकट थर. आत्याबाईंनी पदराचं टोक पुढे केलं. "शी, काय माखलंय हे. पुसा आधी." खाटेवरून सिंधू म्हणाली, "हात नका लावू. तेबी पहाराच शे." नर्स हसली, म्हणाली, "बरोबर आहे, राहू द्या, आपोआप जिरतं." आत्याबाईंचा पदर हवेतच राहिला. आणि मी, आरोग्याचं सदर वाचणारी विदुषी, बाहेर बेसिनपाशी जाऊन ओकले. प्रेमाने ओकले असं म्हणा हवं तर.

घर सुधारलं वगैरे नाही. आत्याबाई जाईपर्यंत तोच प्रश्न विचारत राहिल्या, आणि देवळाचा हार सिंधूने पुन्हा कधी ओवला नाही. तिने एक वेगळंच केलं. आमच्याकडे बायकांचे आतले कपडे साडीच्या पोटात लपवून, अंधाऱ्या पडवीत वाळायचे. वाळायचे कसले, कुबट व्हायचे. सिंधूने रेवतीच्या पहिल्या पाळीला मळ्याच्या तोंडाशी, भर रस्त्यालगत, दोन खांब रोवून तार बांधली आणि मायलेकींचं सगळं तिथे उन्हात टाकलं. सायकलवरून जाणारे माना वळवायचे. भाऊजी म्हणाले, "लोक बघतात." ती म्हणाली, "बघू द्या. ऊन तिथेच पडस."

गेल्या आठवड्यात मी मळ्यात जाऊन आले. तारेवर रेवतीचे कपडे होते. आणि कडेला, चिमट्यात, सिंधूचा एक परकर. ती गेली त्याच्या आदल्या दिवशीचा असणार. उन्हाने रंग पार उडालेला. वन्सं म्हणाल्या, "काढ गं तो, बरं दिसत नाय." रेवतीने ऐकलं न ऐकलंसं केलं आणि आपला चिमटा सरकवून त्याला जागा करून दिली. काढायला मीही गेले नाही.